मिटलेल्या ओठांपुढे
(मुलांच्या आरोग्यावरील एका पुस्तकाचा मराठी अनुवाद पूर्ण झाल्यानंतर चेन्नईतील मराठी पालकांसमोर अनुवादिकेने केलेले भाषण)



मुलांच्या आरोग्यावरील एका पुस्तकाचा मी मराठी अनुवाद केला, एवढ्याच आधारावर आपण मला आज येथे बोलावले आहे. त्याबद्दल आभार मानताना एक खुलासा आरंभीच केला पाहिजे. मी वैद्यकातली नव्हे. माझे शिक्षण मराठी भाषेचे आणि साहित्याचे, उपजीविका अनुवादाची. तेव्हा लसी, ताप किंवा आहार यांविषयी अधिकारवाणीने बोलण्याचे धाडस मी करणार नाही. पुस्तकात ज्या विषयाला सर्वांत कमी पाने मिळाली आहेत, तो मात्र मी माझ्या घरी दोन वर्षे भोगला आहे. दोन-अडीच वर्षांचे मूल दात घासू देत नाही, तेव्हा काय करावे, हा तो विषय.

विषय ऐकून काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटले. ते स्वाभाविकच आहे. घरोघरी रोज सकाळी मोरीपाशी जी आरडाओरड चालते, तिच्यावर भाषण ते काय करायचे? पण २००२-०३ साली आपल्या देशात दातांच्या आरोग्याची जी राष्ट्रीय पाहणी झाली, तिच्यात पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५२ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात दुधाचे दात किडलेली मुले सुमारे ५१ कोटी ४० लाख आहेत. या संख्येत एक मूल माझे होते. म्हणून आज मी बोलते आहे.

२०१२ साली आम्ही या शहरात आलो तेव्हा माझा मुलगा दीड वर्षाचा होता. पश्चिम मांबळममध्ये आम्हाला घर मिळाले. समोरच्या घरात एक वृद्ध बाई आपल्या मुलासुनेबरोबर राहत. सारी इमारत त्यांना ‘पाट्टी’ म्हणे. पाट्टी म्हणजे आजी. मला तमिळ येत नव्हते आणि पाट्टींना तमिळखेरीज दुसरे काही येत नव्हते. रोज संध्याकाळी मी मुलाला कडेवर घेऊन व्हरांड्यात उभी राहिले की त्या विचारीत, “पल् विळक्कियाच्चा?” मला त्यातला पहिला शब्द तेवढा कळल्यासारखा वाटे. दूधवाल्याच्या तोंडून ‘पाल्’ हा शब्द मी रोज ऐकत होते, आणि पाल् म्हणजे दूध हे मला ठाऊक झाले होते. पाट्टी दुधाबद्दल विचारीत आहेत असे समजून मी बाटली उंच धरून दाखवी आणि ‘आत्ताच प्यायला’ अशी खूण करी. पाट्टी क्षणभर माझ्याकडे पाहत, मान हलवीत आणि आत जात. त्यांची मान हलली म्हणजे त्यांचे समाधान झाले, अशी माझी समजूत होती.

हा संवाद कित्येक महिने चालला. पुढे तमिळ थोडे कानावर बसले तेव्हा कळले की त्या ‘पाल्’ म्हणत नव्हत्या, ‘पल्’ म्हणत होत्या. पल् म्हणजे दात. “याचे दात घासून झाले का?” असे ती माउली रोज विचारीत होती आणि मी उत्तरादाखल तिला दुधाची बाटली दाखवीत होते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढण्यात जिचे अर्धे आयुष्य गेले, तिला एका स्वराची लांबी ऐकू आली नाही. यात विनोद आहे हे मी कबूल करते. पण दुर्दैवाने त्यात सत्यही होते, कारण माझ्या मुलाचे दात त्या बाटलीनेच किडत होते.

तो रात्री बाटली तोंडात घेतल्याशिवाय झोपत नसे. दुधात मी साखर घाली. सर्दी असली की येथल्या रिवाजाप्रमाणे ताडाची खडीसाखर, म्हणजे पनंकर्कंडु घाली. ती औषधी आहे, तिने काय होणार, असे मला वाटे. तोंडातील जंतूंना मात्र हा भेद कळत नाही. साखर उसाची असो, ताडाची असो, गूळ असो की मध असो. जंतू तिच्यापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताच्या वरच्या आवरणातील खनिज विरघळवते. ही मूळ मांडणी विलोबी मिलर या संशोधकाने १८९० मध्येच केली होती. दिवसा लाळ हे आम्ल धुऊन नेते आणि दाताला थोडे खनिज परतही देते. झोपेत मात्र लाळेचा पाझर फार कमी होतो. त्यामुळे दुधाचा घोट तोंडात धरून झोपी गेलेल्या मुलाच्या दातांना रात्रभर कोणी वाली नसतो. त्यातही खालचे पुढचे दात जिभेच्या आणि लाळेच्या आडोशाने पुष्कळदा बचावतात, आणि वरचे पुढचे दात पहिल्यांदा बळी पडतात.

२०१३ च्या उन्हाळ्यात मुलाच्या वरच्या दोन दातांवर, हिरडीला लागून, मला खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसली. मी एका डॉक्टरांना ती दाखविली. ते म्हणाले, “दुधाचेच दात आहेत, पडायचेच आहेत.” हे वाक्य ऐकून मला किती बरे वाटले, हे आठवले की आजही संकोच वाटतो. त्यांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. हेच वाक्य माझ्या आईने, सासूबाईंनी आणि शेजारणींनीही म्हटले होते, आणि मलाही तेच ऐकायचे होते. ती पांढरी रेघ म्हणजे किडीची पहिली पायरी असते, आणि त्याच पायरीवरून दाताला माघारी आणता येते, हे मला फार उशिरा कळले.

रेघ तपकिरी झाली तेव्हा मी घाबरले, आणि घाबरलेले माणूस जे करते ते मी केले. आधी मी दातांच्या कण्या केल्या. मग चॉकलेटचे आमिष दाखविले. दात घासल्याबद्दल चॉकलेट देणारी आई आपण पाहिली नसेल, तर आज पाहून घ्या. मग ‘डॉक्टर सुई टोचतील’ अशी भीती घातली. शेवटी एके सकाळी त्याच्या वडिलांनी त्याचे हात धरले, मी गाल दाबून तोंड उघडले आणि ब्रश आत घातला. हिरडीतून रक्त आले. त्या दिवसापासून ब्रश दिसला की तो ओठ आत ओढून घेई. हळूहळू चमचा दिसला तरी ओठ मिटू लागले. मराठीत आपण दातखिळी बसणे म्हणतो. ती मी माझ्या डोळ्यांसमोर बसताना पाहिली.

तो तीन वर्षांचा व्हायच्या सुमारास एका दाताच्या मुळाशी पू झाला. ताप, सुजलेला ओठ, रात्रभर रडणे. बालदंतवैद्यांनी दात वाचवता येण्याजोगा नसल्याचे सांगितले आणि तो काढावा लागला. त्या दिवशी मुलाने त्या वैद्यांकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर त्याला मीच शिकविली होती. सुईची भीती मीच घातली होती ना! पुढे चार वर्षे, कायमचा दात येईपर्यंत, समोर फट राहिली. आपल्या वर्णमालेत त, थ, द, ध आणि स यांना दंत्य वर्ण म्हणतात. जीभ दातांच्या आधाराने ते उच्चारते. हे मी विद्यार्थिदशेत पाठ केले होते. माझ्या मुलाचा ‘स’ त्या फटीतून निसटू लागला, तेव्हा ती व्याख्या मला पहिल्यांदा कळली. बालवाडीच्या छायाचित्रात सारी मुले हसत आहेत. हा एकटा ओठ मिटून उभा आहे.

दात काढल्यानंतर उरलेल्या दातांचा प्रश्न होताच, आणि तोंड तर पूर्वीपेक्षा घट्ट मिटले होते. येथे पाट्टी पुन्हा या कथेत येतात. त्यांच्या स्वतःच्या तोंडात एकही दात नव्हता. त्या कवळी वापरीत. एके संध्याकाळी त्या व्हरांड्यातल्या नळापाशी बसल्या, कवळी काढून हातात घेतली आणि ब्रशने ती घासू लागल्या. माझा मुलगा डोळे विस्फारून पाहत राहिला. दात तोंडातून निघतात आणि हातात घेऊन घासता येतात, हा चमत्कार त्याने कधी पाहिला नव्हता. पाट्टींनी काही न बोलता ब्रश त्याच्या हातात दिला. त्याने अत्यंत गांभीर्याने ती कवळी घासली. पाट्टी मोजत होत्या: ओण्णु, रेण्डु, मूणु, नालु... पत्तु. पत्तु म्हणजे दहा. दहा झाल्यावर त्यांनी कवळी धुतली, तोंडात बसविली आणि त्याला हसून दाखविले.

घरी आल्यावर त्याने आपला एक दात दोन बोटांत धरून ओढून पाहिला आणि पुन्हा समोरच्या दारी गेला. “माझे निघत नाहीत,” अशी त्याची तक्रार होती. पाट्टी म्हणाल्या, “निघत नाहीत म्हणून तर तोंडात असतानाच घासायचे.” आणि त्यांनी त्याला मांडीवर आडवे घेतले. कित्येक महिन्यांनी त्याने तोंड उघडले. पाट्टींनी दहापर्यंत मोजले आणि दहाला ब्रश बाहेर काढला. अर्धे दात राहिले होते. मी म्हटले, “अजून थोडे.” त्यांनी मला हाताने थांबविले. दहा म्हणजे दहा.

त्या क्षणी मला जे उमगले, तेच आज आपणापुढे ठेवायचे आहे. मुलाला दात घासणे नको होते असे नाही. आपल्या तोंडावर दुसऱ्याची सत्ता त्याला नको होती. दोन वर्षांच्या जिवाचा कारभार केवढा? केव्हा निजायचे, कुठे जायचे, काय नेसायचे, सारे आपण ठरवतो. तोंड उघडायचे की मिटायचे, एवढा एकच निर्णय त्याच्या हातात असतो. ‘नाही’ हा शब्द तो नव्यानेच शिकलेला असतो आणि ओठ मिटून तो त्याचा सर्वांत प्रभावी वापर करतो. आपण याला हट्ट म्हणतो. खरे पाहता ती वाढीची खूण असते. पण दाताची कीड मूल मोठे होऊन समजूतदार होईपर्यंत थांबत नाही. मुलाचा नकार खरा आहे आणि दाताची निकडही खरी आहे. या दोहोंपैकी एकाला खोटे ठरवले की घरात लढाई सुरू होते.

पाट्टींनी दोन्ही खरे मानले. दात घासायचे की नाही, हे त्यांनी त्याला कधी विचारले नाही. पण किती वेळ, हे त्यांनी आधीच सांगितले आणि दिलेला शब्द पाळला. मी याच्या नेमके उलट करीत होते. मी विचारी, “दात घासू या का?” तो ‘नाही’ म्हणे, आणि त्याच्या नाहीला न जुमानता मी ब्रश घाली. ज्याचे एकच उत्तर मान्य आहे असा प्रश्न विचारणे ही फसवणूक आहे. मुलांना ती लवकर कळते. ‘झालेच, झालेच’ म्हणत आणखी तीन मिनिटे घासणे ही दुसरी फसवणूक.

त्या दिवसापासून आम्ही प्रश्न बदलला. “आधी वरचे की खालचे? लाल ब्रश की निळा? पलंगावर की झोपाळ्यावर?” या प्रश्नांची उत्तरे खरोखर त्याची होती. पहिले काही आठवडे मी दहाच मोजले. मग वरचे दहा आणि खालचे दहा. मग चार बाजूंचे चार दहा. दोन मिनिटांपर्यंत पोचायला आम्हाला जवळजवळ तीन महिने लागले. सारेच दिवस गोड गेले असे मी म्हणणार नाही. आजारपणात, झोपेच्या वेळी, पाहुणे आले असता तो रडला. अशा दिवशी मी त्याला हलक्या पण निश्चित हाताने धरले, काय करते आहे ते बोलत राहिले आणि दहाला थांबले. रडणाऱ्या मुलाचेही दात दहा अंकांत बरेचसे स्वच्छ होतात. शब्द मोडला तर मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

आता धरायचे कसे, हे सांगते; कारण पुष्कळ लढाया केवळ चुकीच्या बैठकीमुळे होतात. आपण मुलाला बेसिनपुढे उभे करतो आणि समोरून ब्रश घालतो. त्याला मान मागे टाकावी लागते, फेस घशात उतरतो, आणि आपल्याला वरचे दात दिसतच नाहीत. आपल्या घरांतून तान्ह्या मुलाला न्हाऊ घालताना बाई पाय लांब करून बसते आणि बाळाला पायांवर घेते. येथल्या तमिळ घरांतही तीच पद्धत आहे. मुलाला ती ओळखीची असते. तसेच बसावे, मुलाचे डोके आपल्याकडे ठेवून त्याला आडवे घ्यावे आणि वरून पाहावे. दोन माणसे असली तर समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसावे. मुलाचे पाय एकाकडे, डोके दुसऱ्याच्या मांडीवर. बालदंतवैद्यही लहान मुले याच बैठकीत तपासतात. एका बोटाने वरचा ओठ हलकेच उचलावा, म्हणजे ब्रश ओठाच्या आतल्या पडद्याला लागत नाही. तो लागला की दुखते आणि मूल पुढच्या वेळी तोंड मिटते. ब्रशचे डोके लहान असावे, केस मऊ असावेत. हिरडी आणि दात जेथे भेटतात तेथून आरंभ करावा. मोरीची अंधारी, ओली जागाच हवी असे कोठेही लिहिलेले नाही.

मुलाच्या हातातही एक ब्रश द्यावा. त्याने तो चावला, बाहुलीचे दात घासले, आपले घासले, तरी चालेल. आपणही त्याच्यासमोर दात घासावेत. मूल ऐकून शिकते त्याहून अधिक पाहून शिकते. मात्र त्याने घासले म्हणजे काम झाले असे समजू नये. सहा-सात वर्षांपर्यंत मुलाच्या बोटांत ते कसब नसते. ‘आधी तू, मग मी’ हा क्रम तोवर चालू ठेवावा.

टूथपेस्टविषयी आपल्या मनात पुष्कळ शंका असतात. फ्लोराइड दाताचे आवरण आम्लापुढे टिकाऊ करते. म्हणून पहिला दात दिसल्यापासून फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरावी, असे आज बालदंतवैद्य सांगतात. प्रमाण मात्र सांभाळावे. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्टची लाट दाखवतात, तेवढी मुलांसाठी कधीही नको. या सावधगिरीचा या प्रदेशाशी जुना संबंध आहे. १९३७ साली एच. ई. शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागात पाण्यातील अति फ्लोराइडमुळे माणसांची हाडे ताठरत असल्याचे नोंदवले. तमिळनाडूत धर्मपुरीसारख्या जिल्ह्यांतील भूजलात आजही फ्लोराइड अधिक आढळते. तेथून येणाऱ्या किंवा तेथे राहणाऱ्या कुटुंबांनी पेस्ट निवडण्यापूर्वी वैद्यांना विचारावे. जे औषध तांदळाच्या दाण्याएवढे हितकर आहे, ते मूठभर हितकर असेल असे नव्हे.

आपल्या परंपरेत दातांची आस्था नव्हती असे कोणी समजू नये. सुश्रुताने बारा अंगुळे लांब आणि करंगळीएवढ्या जाड दातणाचे वर्णन केले आहे. काश्यपसंहितेत मुलांना दात येण्याविषयी ‘दंतजन्मिक’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. तमिळ म्हण सांगते की वड आणि बाभूळ दातांना बळकटी देतात, तर चार चरणांचे ‘नालडियार’ आणि दोन चरणांचे ‘तिरुक्कुरळ’ वाणीला. आपल्या आज्या राखुंडीने दात घासत. परंतु राखुंडी आणि खरबरीत दंतमंजने दुधाच्या दातांसाठी योग्य नाहीत, कारण त्यांचे आवरण कायमच्या दातांपेक्षा बरेच पातळ असते. आणि मिश्रीचा तर विचारही करू नये. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. आजीच्या बोटावरची मिश्री नातवाच्या हिरडीवर लागलेली मी गावाकडे पाहिली आहे. प्रेमाने लावलेले विषही विषच असते.

आता साखरेविषयी एकच गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत स्वीडनमधील विपेहोल्म येथील रुग्णालयात मतिमंद रुग्णांना वेगवेगळ्या प्रकारे गोड पदार्थ देऊन दातांवर काय परिणाम होतो ते पाहिले गेले. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसले की साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि किती चिकट रूपात खाल्ली, याला अधिक महत्त्व आहे. जेवणाबरोबरची साखर फारशी बाधली नाही. दोन जेवणांच्या मधल्या चिकट टॉफीने मात्र दातांची वाताहत केली. ज्यांच्यावर हे प्रयोग झाले त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि म्हणून आज त्या प्रयोगाचे नाव खाली मान घालूनच घेतले जाते. आपण त्यातून दोन धडे घ्यावेत. पहिला, मुलाला गोड द्यायचेच तर जेवणाबरोबर द्यावे, दिवसभर थोडे थोडे नको. दुसरा, हित साधतानाही माणसाचे तोंड ही त्याची स्वतःची जागा आहे, याचा विसर पडू नये. तो माणूस दोन वर्षांचा असला तरीही.

रात्रीचे घासणे हे सकाळच्यापेक्षा महत्त्वाचे. रात्री दात घासल्यावर पाण्याखेरीज काही नको. गोड औषधाची मात्रा द्यायची झाल्यास ती घासण्याआधी द्यावी. बाटलीची सवय असेल तर ती एका रात्रीत मोडू नये. आम्ही आधी साखर बंद केली, मग दुधात रोज थोडे अधिक पाणी घालत गेलो. पंधरा-वीस दिवसांनी बाटलीत नुसते पाणी उरले, आणि त्या पाण्यासाठी जागे राहण्यात मुलाला स्वारस्य उरले नाही.

‘दुधाचे दात पडायचेच आहेत’ या वाक्याचे उत्तरही देऊन टाकते. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरे. पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. त्या खाली येणाऱ्या दातांची जागा राखून ठेवतात. त्या अकाली गेल्या तर शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात आणि नव्या दातांची वाट अडते. शिवाय सहाव्या वर्षी, एकही दात न पडता, सर्वांत मागे एक कायमची दाढ येते. पुष्कळ आईबाप तिलाही दुधाची समजून सोडून देतात. एका वर्षाच्या आत मुलाला एकदा दंतवैद्यांकडे न्यावे, काहीही दुखत नसताना न्यावे. या शहरात १९५३ पासून सरकारी दंत महाविद्यालय आहे. खर्चाची सबब तेथे चालत नाही.

शेवटी माझ्या व्यवसायातील एक गोष्ट. या पुस्तकाचा अनुवाद करताना ‘दात घासणे’ या साध्या शब्दापाशी मी अडखळले. मराठीत आपण भांडी घासतो आणि दातही घासतो. या क्रियेत जोर आहे, खरकटे आहे, आणि भांड्याला काय वाटते हे कोणी विचारीत नाही. तमिळमध्येही भांडी आणि दात यांना एकच क्रियापद चालते, पाट्टी वापरीत ते: विळक्कु. पण त्याच क्रियापदाचा दुसरा अर्थ आहे उलगडून सांगणे, स्पष्ट करणे. आणि नाम म्हणून विळक्कु म्हणजे दिवा. मी मराठीत ‘घासणे’च ठेवले, भाषेला जे रूढ आहे ते अनुवादकाने उगाच मोडू नये. पण तो शब्द लिहिताना प्रत्येक वेळी मला पाट्टींचा प्रश्न ऐकू येत होता. तो मला वेळेवर कळला असता तर एक दात वाचला असता.

पाट्टी आज नाहीत. माझ्या मुलाला आता मिसरूड फुटू लागले आहे आणि तो मोठ्याने हसतो. माझ्या धाकट्या मुलीला मात्र पहिला दात आला त्याच आठवड्यात मी पायांवर आडवे घेतले आणि दहा मोजले. तिला ती लढाई ठाऊकच नाही.

आपण आज घरी गेल्यावर एवढेच करावे. मूल झोपण्यापूर्वी त्याला उजेडात मांडीवर घ्यावे, वरचा ओठ हलकेच उचलावा आणि हिरडीलगत पांढरी रेघ आहे का ते पाहावे. असेल तर उद्याच दंतवैद्यांकडे जावे. अजून वेळ गेलेली नसते. नसेल तर दहापर्यंत मोजावे, आणि दहाला थांबावे.